पॉलिमरचे डांबर म्हणजे नेमके काय? रस्ता टिकतो कशाने आणि जादा पैसे जातात कशात

बेळगाव : रस्त्याच्या कामाचा फलक वाचायची सवय आता बऱ्याच लोकांना लागली आहे. कामाचे नाव, रक्कम, कंत्राटदार आणि मुदत एवढे सगळ्यांना समजते. पण त्याच फलकावर किंवा अंदाजपत्रकात ‘पीएमबी’, ‘सीआरएमबी’, ‘व्हीजी-३०’ अशी अक्षरे आली की वाचणारा थांबतो. खरे तर पैशाचा मोठा भाग याच अक्षरांत असतो. साध्या डांबराचा दर वेगळा आणि पॉलिमर मिसळलेल्या डांबराचा दर वेगळा. दुसरे लिहून पहिले वापरले तर नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही, दोन्ही काळेच. फरक दिसतो तो दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे गेल्यावर.

खानापूरपासून निपाणीपर्यंत, इकडे चंदगड आणि पलीकडे गोव्यात उतरणाऱ्या घाटांपर्यंत आपला सगळा व्यवहार या काळ्या थरावर चालतो. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

आधी डांबर समजून घ्या

आपण ज्याला सरसकट डांबर म्हणतो त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दगडी कोळशापासून निघते ते मूळचे डांबर. कपाटात ठेवायच्या डांबराच्या गोळ्यांचा संबंध त्याच्याशी. रस्त्यावर आज वापरतात ते बिटुमेन. खनिज तेल शुद्ध करताना पेट्रोल, रॉकेल, डिझेल निघून गेल्यावर तळाशी जो जड गाळ राहतो तो हा. मुंबई आणि मंगळूरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत ते तयार होते. बोलताना आपण डांबरच म्हणतो, म्हणून या लेखातही तोच शब्द ठेवला आहे.

डांबराचा स्वभाव गुळासारखा. थंडीत ढेप कडक, फोडायला बत्ता लागतो. उन्हाळ्यात तीच ढेप मऊ पडून पाघळते. डांबर थंडीत ठिसूळ होते, उन्हात मऊ होते आणि १५० अंशांच्या वर नेले की तेलासारखे वाहते. हे वाहणे कामाचे असते, कारण त्याशिवाय खडीवर त्याचा लेप बसणार नाही. पण रस्ता झाल्यावर त्याने वाहू नये, ही आपली अपेक्षा. एकाच वस्तूकडून दोन उलट गोष्टी मागायच्या, ही या धंद्याची मूळ अडचण आहे.

उन्हाळ्यात हवेचे तापमान ४० अंश असते तेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात जातो. व्हीजी-३० हे आपल्याकडचे सर्रास वापरातले डांबर. ते किमान ४७ अंशांपर्यंत तरी मऊ पडू नये, असे मानक सांगते. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी अथणी-चिकोडीकडचा रस्ता त्या मर्यादेच्या पुढे गेलेला असतो. मग तो लगेच वाहून का जात नाही? कारण वजन पेलायचे बरेचसे काम खडी करते. खडी एकमेकींत अडकलेली असते आणि डांबर तिला धरून ठेवते. पण धरणाराच ढिला पडला की खडी हळूहळू सरकू लागते.

रस्ता खराब होण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग चाकोरीचा. चाके एकाच रेषेतून जात राहिली की तिथे खोलगट पन्हळ पडते. हा उन्हाळ्याचा रोग. भार जितका जड आणि वाहन जितके सावकाश, तितके हे जास्त. डांबरावर वजन क्षणभर पडले तर ते सोसते, पण वजन रेंगाळले तर ते सरकते. म्हणून सिग्नल, बसथांबा, टोलनाका, घाटाची चढण या ठिकाणी चाकोऱ्या आधी पडतात. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर संथपणे कारखान्याकडे जातो, तोही याच प्रकारचा भार.

दुसरा मार्ग भेगांचा. प्रत्येक चाकाखाली रस्ता केसभर वाकतो आणि परत येतो. लाखो वेळा असे झाले की थर थकतो आणि जाळीदार भेगा पडतात. त्यात वयाचा भाग असतो. हवेतला प्राणवायू डांबराला वर्षानुवर्षे कडक करत नेतो. जुने डांबर राखाडी आणि ठिसूळ दिसते ते त्यामुळेच.

तिसरा मार्ग पाण्याचा. पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरते, लेप सुटतो, खडी मोकळी होते आणि खड्डा तयार होतो. आंबोली, चोर्ला, अनमोड या बाजूला पावसाचे प्रमाण किती आहे ते आपल्याला सांगायला नको.

पॉलिमरचा मुख्य उपयोग पहिल्या दोन रोगांवर आहे. तिसऱ्यावर तो थोडीफार मदत करतो, पण ते त्याचे औषध नव्हे. पुढचा सगळा हिशेब याच वाक्यावर उभा आहे.

पॉलिमर आत जाऊन काय करतो?

पॉलिमर म्हणजे एकाच घटकाच्या हजारो कड्यांची लांब साखळी. प्लास्टिक, रबर, नायलॉन हे सगळे पॉलिमरच. रस्त्यासाठी सर्वांत जास्त नाव घेतले जाते ते एसबीएसचे, म्हणजे स्टायरिन-ब्युटाडाइन-स्टायरिन. याच्या साखळीची दोन्ही टोके कडक असतात आणि मधला भाग रबरासारखा लवचिक. गरम डांबरात एसबीएस घातले की तो डांबरातला तेलकट भाग शोषून फुगतो. थंड होताना कडक टोके एकमेकांना चिकटून गाठी बनतात आणि गाठींच्या मधे रबरी दोरे राहतात. डांबराच्या पोटात अशी एक न दिसणारी जाळी विणली जाते.

साधारण १०० अंशांच्या वर या गाठी सुटतात, म्हणून डांबर पुन्हा पातळ होऊन खडीत मिसळता येते. ६० अंशांवर मात्र गाठी पक्क्या असतात. म्हणून मे महिन्यातल्या उन्हात डांबर मऊ पडू लागले तरी जाळी त्याला सरकू देत नाही. आणि थंडीत मधले रबरी दोरे लवचिक राहतात, म्हणून थर ताणला तरी लगेच तडकत नाही. एकाच वेळी दोन्ही टोकांना फायदा देणारी ही गोष्ट आहे, म्हणून तिला भाव आहे.

डोस फार मोठा नसतो. डांबराच्या वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के. तीन टक्क्यांच्या आसपास पॉलिमर डांबरात विखुरलेला असतो. ५ टक्क्यांच्या पुढे उलटे होऊ लागते, पॉलिमरची जाळी सलग होते आणि डांबर तिच्यात अडकते. तेव्हा गुणही एकदम वाढतात आणि खर्चही.

मिसळणे सोपे नाही

साखर चहात टाकून ढवळली तसे हे होत नाही. डांबर १७० ते १८० अंशांवर ठेवून, पॉलिमर बारीक चिरडत मिसळणारी खास चक्की लागते. नंतर काही तास टाकीत मुरवावे लागते. कारखान्यात अनेकदा थोडे गंधक घालतात. त्याने साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि मिश्रण स्थिर राहते.

स्थिर राहणे महत्त्वाचे. पॉलिमर आणि डांबर हे मुळात एकमेकांचे सोयरे नाहीत. ढवळणे थांबले आणि टँकर गरम अवस्थेत उभा राहिला की पॉलिमर वर तरंगायला लागतो. मग टाकीतल्या वरच्या मालात पॉलिमर जास्त आणि खालच्या मालात कमी. याउलट टायरची भुकटी जड असल्याने तळाला बसते. म्हणून असे डांबर साठवणाऱ्या टाकीला ढवळणी असावीच लागते. माल काही दिवस पडून राहिला असेल तर वापरण्याआधी पुन्हा तपासावा लागतो.

तापमानालाही वरची मर्यादा आहे. माल पातळ होत नाही म्हणून बर्नर वाढवत २०० अंशांकडे नेला, तर पॉलिमरच्या साखळ्याच तुटतात. जादा पैसे देऊन घेतलेला माल असा बर्नरखाली वाया जातो आणि धूर निघतो तो वेगळाच.

प्रकार किती?

ढोबळ चार गट लक्षात ठेवले तरी पुरे.

एक, रबरी गुणाचे पॉलिमर. यात एसबीएस मुख्य. ताणले की परत येणे हा यांचा गुण. चाकोरी आणि भेगा, दोन्हींवर उपयोगी.

दोन, प्लास्टिक गुणाचे पॉलिमर. ईव्हीए, पॉलिथिन वगैरे. यांनी डांबर कडक होते, म्हणजे चाकोरी कमी पडते. पण ताणून परत येण्याचा गुण फारसा मिळत नाही, त्यामुळे भेगांवर भरवसा कमी.

तीन, जुन्या टायरची भुकटी. हेच ‘सीआरएमबी’. टायरचे रबर आधीच पक्के भाजलेले असते, त्यामुळे ते पूर्ण विरघळत नाही, फुगते आणि दाण्यांच्या रूपात राहते. डोस पॉलिमरपेक्षा बराच जास्त लागतो, डांबराच्या १० टक्क्यांच्या आसपास. माल स्वस्त, टाकाऊ टायरचीही सोय लागते. मात्र गुण भुकटी किती बारीक आणि कुठल्या टायरची, यावर ठरतात.

चार, रबराचा चीक, म्हणजे लेटेक्स. केरळसारख्या रबर पिकवणाऱ्या राज्यात नैसर्गिक रबर डांबरात घालण्याचा प्रयोग जुना आहे. कृत्रिम लेटेक्स पाण्यात कालवलेल्या डांबरात, म्हणजे इमल्शनमध्ये सहज मिसळतो. शहरात जुन्या रस्त्यावर काही मिलिमीटर जाडीचा ‘मायक्रो सरफेसिंग’चा थर देतात, त्यात हेच पॉलिमरयुक्त इमल्शन असते.

‘प्लास्टिकचा रस्ता’ म्हणजे हाच का?

नाही. हा गोंधळ सर्वांत जास्त होतो. कॅरीबॅगचा कचरा वापरून केलेला रस्ता आणि पॉलिमरचे डांबर या वेगळ्या गोष्टी आहेत.

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी प्लास्टिक रस्त्याची पद्धत रूढ केली. त्यासाठी २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची युक्ती साधी आहे. प्लास्टिक डांबरात मिसळायचेच नाही, ते तापलेल्या खडीवर टाकायचे. बारीक कातरलेली पिशवी १६०-१७० अंशांच्या खडीवर पडली की वितळून दाण्यावर पातळ लेप बसतो. मग वरून डांबर. याला कोरडी पद्धत म्हणतात. डांबराच्या वजनाच्या साधारण ६ ते ८ टक्के प्लास्टिक यात जाते आणि तेवढे डांबर वाचते. खडीवर आधीच लेप बसल्याने पाणी शिरायला वाव कमी मिळतो, हा मुख्य फायदा. चक्की लागत नाही, खास टाकी लागत नाही, नेहमीच्या हॉटमिक्स प्लांटवर काम होते.

इंडियन रोड्स काँग्रेसने यासाठी २०१३ मध्ये एसपी-९८ ही मार्गदर्शिका काढली. पथ्येही आहेत. पीव्हीसी अजिबात चालत नाही, कारण तापवल्यावर त्यातून क्लोरीनचे विषारी वायू निघतात. प्लास्टिक स्वच्छ आणि कोरडे हवे. माती लागलेली पिशवी टाकली तर खडीवर लेप न बसता चिखलाचा थर बसतो. म्हणजे कचरा वेगळा करण्याची व्यवस्था जिथे खरोखर चालते, तिथेच हे जमते. आणि झिजलेल्या रस्त्यातून प्लास्टिकचे सूक्ष्म कण मातीत-पाण्यात जातात का, हा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केलेला आहे, तोही नजरेआड करू नये.

थोडक्यात, प्लास्टिकचा रस्ता हा कचरा मार्गी लावण्याचा आणि खडीचा पाण्यापासून बचाव करण्याचा उपाय आहे. एसबीएसची जाळी त्यात नसते. एकाच्या जागी दुसरे दाखवून चालणार नाही.

हे नवीन आहे का?

डांबरात रबर घालण्याची कल्पना फार जुनी, तिची पेटंट एकोणिसाव्या शतकातली आहेत. १९३० च्या दशकात युरोपात प्रयोगाचे रस्ते झाले. १९६० च्या दशकात दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत फिनिक्स शहराचे अभियंता चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी टायरच्या भुकटीचे डांबर वापरात आणले, आणि एसबीएस जातीचे पॉलिमर बाजारात आले. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेने रस्त्यांवर मोठा संशोधन कार्यक्रम हाती घेतला. डांबर कुठल्या तापमानाच्या प्रदेशात चालेल, त्यावरून त्याची प्रत ठरवायची पद्धत त्यातून निघाली. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी-५३ ही सुधारित डांबराची मार्गदर्शिका १९९९ पासून आहे आणि आयएस १५४६२ हे भारतीय मानक २००४ पासून. २०१९ मध्ये हे मानक सुधारले गेले.

अक्षरे वाचायची कशी?

आपल्या भागात कागद कन्नडमध्ये असतो, नाहीतर इंग्रजीत. पण ही अक्षरे सगळीकडे तीच असतात. ती ओळखता आली तरी निम्मे काम होते.

व्हीजी-१०, २०, ३०, ४० : साधे डांबर. आकडा मोठा तितके घट्ट. यात पॉलिमर नाही.

सीआरएमबी : टायरच्या भुकटीचे डांबर. पुढचा ५५ किंवा ६० हा आकडा किती अंशांपर्यंत मऊ पडू नये ते सांगतो.

पीएमबी : पॉलिमरचे डांबर. जुन्या कागदांत पीएमबी-४०, ७०, १२० असे प्रकार दिसतील. तिथे आकडा लहान तितके डांबर घट्ट, म्हणजे व्हीजीच्या उलट. नव्या मानकात ‘पीएमबी ७६-१०’ अशी नावे आहेत. पहिला आकडा रस्त्याचे वरचे तापमान, दुसरा शून्याखालचे. म्हणजे रस्ता ७६ अंशांपर्यंत तापला आणि उणे १० पर्यंत गारठला तरी हे डांबर चालावे, असा हिशेब.

बीसी, डीबीएम, एसएमए : ही डांबराची नव्हे, थरांची नावे. डीबीएम हा खालचा जाड थर, बीसी हा वरचा. एसएमए हा मोठ्या खडीचा, जास्त डांबराचा, जड वाहतुकीसाठीचा वरचा थर.

तपासणी कशी होते?

प्रयोगशाळेतल्या तीन चाचण्या सामान्य माणसालाही समजतील अशा आहेत.

पहिली, कडी आणि गोळी. पितळेच्या कडीत डांबर भरतात, वर साडेतीन ग्रॅमची पोलादी गोळी ठेवतात आणि पाणी मिनिटाला ५ अंशांनी तापवतात. डांबर मऊ होऊन गोळी अडीच सेंटीमीटर खाली येते ते तापमान लिहून घेतात. व्हीजी-३० ला किमान ४७ अंश. जुन्या वर्गवारीतल्या पीएमबी-४० ला किमान ६० अंश.

दुसरी ताण चाचणी. लाडवाचा पाक झाला का ते आपण दोन बोटांत तार काढून बघतो, तसलाच प्रकार. १५ अंशांच्या पाण्यात डांबराची तार १० सेंटीमीटर ओढतात, मधोमध कापतात आणि तासभर सोडून देतात. साध्या डांबराची तार जवळपास तशीच पडून राहते. पॉलिमरच्या डांबराची तार आखडते. साडेसात सेंटीमीटर आखडली तर ७५ टक्के. एसबीएसच्या मालाला पूर्वीच्या मानकात एवढी अट होती. डांबर घट्ट आहे एवढे दाखवून ही चाचणी पास होत नाही, आत रबरी जाळी असावीच लागते. खोटे पकडायला ही सर्वांत चांगली.

तिसरी, वेगळे होण्याची. उभ्या नळीत डांबर भरून १६३ अंशांवर ठेवतात, मग वरचा आणि खालचा भाग वेगळा तपासतात. दोन्हींच्या मऊ पडण्याच्या तापमानात ३ अंशांपेक्षा जास्त फरक नको. जास्त असेल तर मिसळण नीट झालेले नाही.

जरा हिशेब करू

एक किलोमीटर लांब, सात मीटर रुंद रस्ता आणि वर बीसीचा ४० मिलिमीटरचा थर. घनफळ २८० घनमीटर. घनमीटरला २.४ टन धरले तर माल ६७२ टन. त्यात डांबर ५.४ टक्के, म्हणजे सुमारे ३६.३ टन. त्यात ४ टक्के पॉलिमर म्हटले तर दीड टनाच्या आतच. ६७२ टनांत दीड टन, म्हणजे शंभर किलोला पाव किलोही नाही. एवढ्याशा वस्तूवर रस्त्याचा गुण बदलतो.

आता परवडते का ते पाहू. दर सतत बदलतात, म्हणून आकडे उदाहरणापुरते धरा. समजा पॉलिमरचे डांबर साध्यापेक्षा २५ टक्के महाग आहे आणि थराच्या एकूण खर्चात डांबराचा वाटा निम्मा आहे. मग थराचा खर्च १०० वरून ११२.५० होईल. साधा थर चार वर्षे टिकत असेल तर वर्षाला २५ पडले. पॉलिमरचा थर साडेचार वर्षे टिकला की बरोबरी. त्यापुढचा प्रत्येक महिना नफ्याचा. सहा वर्षे टिकला तर वर्षाला १८.७५ पडतात. म्हणजे माल महाग असूनही रस्ता स्वस्त पडतो.

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दोन मालांच्या दरात टनाला समजा १५ हजार रुपयांचा फरक आहे. बिल पॉलिमरचे लावले आणि साधे डांबर ओतले, तर ३६.३ टनांवर एका किलोमीटरला सुमारे ५ लाख ४४ हजार रुपये कोणाच्या तरी खिशात जातात. रस्ता पहिल्या वर्षी तितकाच काळा आणि तितकाच गुळगुळीत दिसतो. म्हणून चाचणीच्या कागदाला महत्त्व.

उलट, गावाच्या आतल्या, दिवसाला चार टेम्पो जाणाऱ्या रस्त्याला पॉलिमरचे डांबर लावणे हाही पैशाचा अपव्यय आहे. तिथे चाकोरी पडण्याइतका भारच नसतो. जड वाहतुकीचे रस्ते, घाट, बसथांबे, चौक, पूल, धावपट्ट्या या त्याच्या जागा. तिथेही मुख्यतः वरच्या थरात.

साइटवर चुकते कुठे?

माल चांगला असूनही काम फसते ते उष्णतेपायी. पॉलिमरचे डांबर साध्यापेक्षा घट्ट असते, म्हणून ते जास्त तापवून वापरावे लागते. व्हीजी-३० चे डांबर १५० ते १६५ अंशांवर चालते, पॉलिमरचे साधारण १६५ ते १८५ वर. पसरताना आणि रोलर फिरवतानाही ते जास्त गरम असावे लागते. व्हीजी-३० च्या मालावर ९० अंशांच्या आत रोलर फिरवून उपयोग नसतो, पॉलिमरच्या मालाला ही मर्यादा आणखी वरची. प्लांट लांब, गाडीवर ताडपत्री नाही, घाटात गार वारा आणि थर पातळ असेल, तर रोलर येईपर्यंत माल घट्ट होतो. मग दाब बसत नाही, आत पोकळ्या राहतात, पोकळ्यांत पाणी शिरते. महागड्या डांबराचा रस्ता मग साध्यापेक्षाही आधी उखडतो आणि लोक म्हणतात, ‘पॉलिमर-बिलिमर सगळं थोतांड आहे.’

मार्च एंडची घाई हा यातला आपला खास आजार. बिल ३१ च्या आत निघायला हवे म्हणून रात्री उशिरापर्यंत कामे चालतात. गार पडलेला माल परत पाठवायची हिंमत अशा वेळी कोण करणार?

पॉलिमर काय करू शकत नाही?

गटार नसलेल्या रस्त्याला पॉलिमर वाचवत नाही. खालची भर कच्ची असेल, पाइपलाइनसाठी खणलेला चर नीट दाबला नसेल, तर वरचा थर कशाचाही असला तरी बसणारच. खडीवर धूळ असेल तर लेप धरत नाही.

दगडही पाहावा लागतो. बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर-पश्चिमेला काळा बसाल्ट मिळतो, त्याला डांबर चांगले धरते. गोकाकच्या बाजूला वालुकाश्म आणि गारगोटीच्या जातीचा दगड आहे. सिलिका जास्त असलेल्या अशा दगडावरून पाणी डांबर लवकर सोडवते. तिथे पॉलिमरपेक्षा आधी चुन्याची भुकटी किंवा लेप धरून ठेवणारे रसायन घालण्याचा विचार करावा लागतो. खर्च कमी, उपयोग जास्त.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण या ठिकाणी द्यावेच लागेल. १९७६ मध्ये मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर तो केला आणि पुढे कित्येक दशके तो खड्ड्यांविना राहिला. आपल्याकडे तेव्हा पॉलिमरचे डांबर प्रचारात नव्हते. पाण्याचा निचरा, पुरेशी जाडी, योग्य तापमानाला घातलेला माल आणि लेखी हमी, एवढ्यावर ते झाले. पॉलिमर या चार गोष्टींच्या जागी येत नाही. त्या झाल्यावर तो त्यांचे आयुष्य वाढवतो.

नागरिकांनी काय विचारावे?

माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे आणि रस्त्याचा हिशेब त्यात येतो. अर्ज करताना ‘रस्ता खराब का झाला’ असे मोघम विचारू नये. उत्तरही मोघमच येते. नेमके कागद मागावेत :

१. अंदाजपत्रकात वरच्या थरासाठी कुठले डांबर धरले आहे, व्हीजी, सीआरएमबी की पीएमबी?

२. डांबराच्या टँकरची बिले आणि गेटपास. त्यावरची प्रत, तारीख, टन. वरच्या हिशेबाप्रमाणे लांबी-रुंदी-जाडीवरून किती टन लागायला हवे ते काढा आणि बिलातल्या टनांशी ताडून पाहा. आठवी-नववीचे गणित आहे.

३. त्या टँकरच्या मालाचा चाचणी अहवाल. पीएमबी असेल तर त्यात ताण चाचणीचा आकडा आहे का?

४. प्लांटवरची आणि साइटवरची तापमानाची नोंदवही.

५. रस्ता झाल्यावर काढलेल्या गोल नमुन्यांची, म्हणजे ‘कोअर’ची जाडी आणि घनता.

६. दोष दुरुस्तीची मुदत किती वर्षांची आणि ती कोणत्या तारखेला संपते? या मुदतीत पडलेला खड्डा कंत्राटदाराने स्वखर्चाने भरायचा असतो. मुदत संपल्यावर तोच खड्डा आपल्या करातून भरला जातो. म्हणून ही तारीख ग्रामपंचायतीच्या किंवा गल्लीच्या फलकावर लिहून ठेवायला हरकत नाही.

काम चालू असतानाही दोन गोष्टी कोणालाही पाहता येतात. गाडीवर ताडपत्री आहे का, आणि मुकादमाच्या हातात तापमापक आहे का. तापमापक नसेल तर पुढचे सगळे अंदाजपंचे चालले आहे असे समजावे, मग फलकावर पीएमबी लिहिलेले असो की आणखी काही.